धामणगावची अंपायरबाई

विमलबाईला कोणीही काहीही सांगितलं, तरी तिचा पहिला शब्द ठरलेला होता. "किती?"

"बाई, मोटर गरम होऊन राह्यली."

"किती?"

"लय."

"लय हा आकडा नसते, भाऊ. मोटरवर हात ठेवला तं किती मोजेपर्यंत ठेवता येते? पाच का दहा?"

माणूस तिथेच गार पडायचा. मोटर गरम आहे हे सांगायला तो सात कोस आलेला, आणि ही त्याला परत पाठवते की काय, अशी त्याला भीती. पण ती परत पाठवत नसे. मोटर खोलायची, तोंड वाकडं करायची आणि स्वतःच मोजायची. तिचं म्हणणं एवढंच, की माणसानं निदान मोजायची इच्छा घेऊन यावं.

दुकान धामणगाव बढ्याला, बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला खताचं दुकान, मधे हे. पाटीवर नाव नवऱ्याचं, 'रामभाऊ मोटर वाइंडिंग'. रामभाऊ दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असायचे. नवा माणूस आला की त्यांच्याजवळ जायचा. मोटर कधी घेतली, कशी जळली, जळताना वास कसा आला, सगळं पुराण सांगायचा. रामभाऊ मान हलवत शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे. मग मान मागं करून आत ओरडायचे, "ऐकलं का?" एवढं झालं की त्यांचं दिवसाचं काम संपलं.

आत विमलबाई. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, वार्निशनं पिवळी झालेली बोटं, आणि अंबाड्यात खोचलेला खडू. दुसऱ्या बाया फूल खोचतात, ही खडू खोचायची. कुठेही लिहायची. मोटरवर लिहायची, भिंतीवर लिहायची, चक्कीवाल्याच्या दारावर लिहायची. एकदा रामभाऊ चहा आणायला उठले, तेवढ्यात तिनं त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर गणित करून ठेवलं. दिवसभर रामभाऊंच्या सदऱ्यावर दोनशे तीस उलटे छापलेले होते.

अंपायरबाई हे नाव तिला लोकांनी दिलं, पण ते आलं रामभाऊंच्या तोंडातून. विजेची धार मोजायचं जे माप आहे, अँपियर, तो शब्द आमच्याकडच्या जिभेवर बसत नाही. कोणी अंपर म्हणायचं, कोणी अंबर. रामभाऊ ठासून अंपायर म्हणायचे. "बाई सांगते, तुमच्या मोटरचे अंपायर वाढले." ऐकणाऱ्याला वाटायचं, मोटरीत क्रिकेट सुरू आहे. होता होता बाईलाच अंपायरबाई म्हणायला लागले, आणि ते नाव पंचक्रोशीत गेलं.

इतकं गेलं, की पिंपळगाव राजाकडचे काही तरणे पोरं एकदा गाडीवर बसून आले. त्यांच्याकडे क्रिकेटचे सामने होते, शेवटचा सामना दोन भांडखोर गावांचा. त्यांनी ऐकलं होतं की धामणगावला एक अंपायरबाई आहे, कोणाच्या बापाला भीत नाही, कोणाची बाजू घेत नाही. रामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि आत ओरडले, "ऐकलं का?"

आता दुसरी कोणी बाई असती तर हसून चहा पाजला असता. ही गेली. खरंच गेली, अंबाड्यात खडू खोचून. दोन्ही गावांना सांगितलं, "मले खेळ येत नाही. पण जे दिसन ते सांगीन, नाही दिसलं ते सांगनार नाही."

सामन्यात एकाच्या पायावर चेंडू लागला. सगळे ओरडले, आऊट, आऊट. बाईनं बोलिंग टाकणाऱ्याला जवळ बोलावलं. "पायाले लागला, हे मी पाह्यलं. मंग?"

"मंग काय बाई, पाय नसता तं दांडीले लागला असता!"

"लागला असता हे कोनी मोजलं?"

"मोजायचं काय त्याच्यात?"

"न मोजलेलं मी सांगत नाही. खेळा."

त्या दिवशी पायावर एकही माणूस बाद झाला नाही. दोन्ही गावं तिच्यावर सारखीच चिडली, त्यामुळे आपसात भांडायचं राहून गेलं. असा शांत सामना तिकडे आधी झाला नव्हता म्हणतात.

ती शिकली किती, ते मला नक्की माहीत नाही. माझ्यापेक्षा जास्त शिकली असेल. मी चौथीपर्यंत गेलो. पास झालो की नापास, ते मास्तरच्या आणि माझ्यामधलं आहे. तिच्या दुकानात भिंतीवर तिच्या लेकीच्या दहावीच्या पुस्तकातलं एक पान खळीनं चिकटवलेलं होतं. पोरगी त्या पानाशिवाय परीक्षेला बसली आणि नेमका त्याच पानावरचा प्रश्न आला. ते दुखणं लेक लग्न होऊन गेली तरी उगाळायची. बाई म्हणायची, "तुले पाच मार्कं पाहिजे होते, मले पोट भरायचं होतं."

त्या पानावरचं गणित तिनं आमच्या भाषेत आणलं होतं. आमच्याकडे लाइट आली की 'पावर आली' म्हणतात आणि गेली की 'पावर गेली'. हे तिला खपत नसे. "पावर येत नसते, काढा लागते," म्हणायची. "टाकी किती उंच हाय, तो झाला दाब. त्याले व्होल्ट म्हनतात. नळातून पानी किती पडते, ते झाली धार. ते अँपियर. नळात कचरा अडकला, ते झाली आडकाठी. आता दाबाले धारेनं भागा, आडकाठी निघते. दाबाले धारेनं गुना, काम निघते. ते काम म्हंजे पावर, त्याचं माप वॅट. एवढंच हाय. याच्यापुढं सगळी तार हाय."

हे गणित ती मोटरीलाच लावायची असं नाही. निवडणुकीत एक पुढारी बसथांब्यावर तासभर गरजून गेला. लोकांनी विचारलं, बाई, भाषण कसं झालं? बाई म्हणाली, "दाब दोनशे चाळीस. धार शून्य. शून्यानं गुनलं तं काम किती?" मलाही तिनं सोडलं नाही. म्हणाली, "बापू, तुमची आडकाठी एवढी हाय का चांगली गोष्ट आत शिरेपर्यंत नुसती गरम होते." मला राग आला. पण तो चुलीवरच्या तव्यासारखा राग होता, तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

माझी आणि तिची पहिली झटापट पाणी तापवायच्या रॉडवरून झाली. बाजारातून मी रॉड आणला. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, पंधराशे वॅट. घरी लावला तर बादलीभर पाणी तापायला म्हशीचं दूध काढून, शेण काढून, दोन घरच्या भानगडी ऐकून होईपर्यंत वेळ लागायचा. घरची म्हणे, रॉड खराब आहे. मी म्हणे, थंडी जास्त आहे. शेवटी तिला खोटं पाडायला मी तो रॉड धामणगावला घेऊन गेलो.

बाईनं बादलीत पाणी घेतलं, रॉड बुडवून बटण दाबलं. मीटर लावलं, दाब दोनशे वीस. मग तिचं ते चिमट्यासारखं मीटर तारेला लावलं. तार तोडायची नाही, सोलायची नाही, नुसता चिमटा लावला की धार कळते. धार चार. बादलीवरच खडूनं लिहिलं, दोनशे वीस गुणिले चार, आठशे ऐंशी.

"बापू, हा आठशे ऐंशीचा हाय. दोनशे वीसले चारनं भागा, आडकाठी पंचावन्न. पंधराशेचा असता तं बत्तीसच्या आसपास भरली असती."

मी म्हटलं, "तुझं मीटर जुनं झालं."

तिनं पलीकडच्या वायरमनचं मीटर मागून आणलं. तेही चारच म्हणालं.

"त्याचंबी जुनं हाय," मी म्हटलं आणि रॉड काखेत मारून घरी आलो. पण बादलीवरचा तो आकडा दुकानात आलेली एक बाई पाहत होती, आणि ती आमच्या घरचीच्या माहेरची निघाली. पुढे महिनाभर आमच्या घरात माझं नाव आठशे ऐंशी होतं. "आठशे ऐंशी, उठा, पानी तापलं." अजून भांडण झालं की ते नाव निघतं.

आता मोटरीचं सांगतो. ते सांगायला मला आवडत नाही, पण तेवढं टाळलं तर बाई अर्धी राहील.

माझं शेत शिवाराच्या टेकाडाला. विहीर खाली, जमीन वर. टोकाच्या वाफ्यांना पाणी चढायचं म्हणजे उपकार करून चढायचं. आमच्या भागातल्या सात विहिरींना मिळून एक डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, आणि प्रत्येकाला मंजुरी तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीची. मी लांबच्या एका गावाला जाऊन साडेसातची मोटर घेतली. दुकानदारानं न्हाव्यानं मिशीचं विचारावं तसं विचारलं, "पाटी कितीची लावू?" मी म्हटलं, तीनची लाव. त्यानं लावली. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी काही बोलत नसे. पाटी दाखवत असे. मी खोटं बोललो नाही. पाटी बोलली.

ती मोटर वर्षभरात जळाली आणि बाईकडे नेणं आलं. बाईनं ती खोलली, तारेचे वेढे मोजले, जाडी पाहिली, मग पाटी पाहिली.

"बापू, ही तीनची नाही."

"पाटी वाच."

"पाटी वाचली. तारबी वाचली. दोघींतली एक खोटं बोलून राह्यली."

"तुले वाइंडिंग करायचं हाय का पंचायत?"

तिनं वाइंडिंग केलं. तो विषय पुन्हा काढला नाही, माझ्याजवळ नाही आणि दुसऱ्या कोणाजवळही नाही.

त्या साली गहू पेरला तेव्हाच डीपी एकदा जळाली. दुसरी आली. महिन्यानं तीही जळाली. तिसरी आली तेव्हा गहू ओंबीवर आलेला. आता पुन्हा जळाली असती तर नवी येईपर्यंत सातही घरांचा गहू उभा वाळला असता. सगळे डीपीखालच्या लिंबाजवळ जमले. कोणीतरी जास्त भार टाकतो आहे, हे सगळ्यांना कळत होतं. कोण, ते कळत नव्हतं.

सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी म्हटलं, हे प्रल्हादचं काम आहे. प्रल्हाद माझा बांधशेजारी. त्यानं त्याच साली पिकावर पाणी उडवायचे नवीन फवारे आणले होते, चकचकीत होते, माझ्या डोळ्यात खुपत होते. प्रल्हादनं शपथा घेतल्या, मी ऐकलं नाही. त्याचा बाप आणि माझा बाप एकमेकांचे बैल वापरून शेती करत होते. त्या दिवसापासून प्रल्हादनं माझ्याशी राम राम बंद केला.

तिसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, "धामणगावच्या अंपायरबाईले बोलवा. तिनं सातही मोटरी मोजाव्या. ती सांगन ते मान्य."

सगळे हाव म्हणाले. सगळ्यात आधी मी म्हणालो, आणि सगळ्यात जोरात. नाही कसं म्हणणार? पण घरी आल्यावर भाकर गळ्याखाली उतरेना. घरचीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, भाकर कडक आहे.

बाई सकाळच्या बसनं आली. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत चिमटा. मागून रामभाऊ, डोक्यावर आपली खुर्ची घेऊन. लोकांनी म्हटलं, रामभाऊ, आमच्याकडे खाटा आहेत. ते म्हणाले, "सवय नाही." लिंबाखाली खुर्ची मांडून ते बसले.

बाईची रीत साधी होती. एकाची मोटर चालू, बाकी सहांच्या बंद. दाब मोजायचा, चिमटा लावायचा, धार मोजायची, स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहायचं, पुढच्या विहिरीवर. पहिली विहीर, तीन फेजची लाइन म्हणून दाब चारशे, धार पाच. दुसरी, पाच. तिसरी, पाचला जरा कमी. गर्दी मागं मागं. चौथी प्रल्हादची. बाईनं चिमटा लावला आणि म्हणाली, "पाच." प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीवरचा एक पक्षी पाहत होतो. साधा कावळा होता, पण मी बराच वेळ पाहिला.

सहा झाल्या. सातवी माझी. गर्दी टेकाडाकडे चालायला लागली तेव्हा मी बाईच्या जवळ गेलो आणि हळू म्हटलं, "सहा झाल्या, बाई. पुरे की आता."

"सात हायेत ना?"

"तुले तं माहीत हाय."

"माहीत हाय, बापू. मोजलं नाही."

विहिरीवर आलो. मी मोटर सुरू केली. बाईनं दाब पाहिला, चारशे. मग चिमटा लावला आणि मीटरकडे पाहत राहिली.

"किती?" सगळे एकदम ओरडले. तिच्या संगतीनं त्यांनाही तो शब्द लागला होता.

बाईनं आकडा सांगितला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बापू, तुमच्या शाळेत पावकी-निमकी होती ना? अडीचकी पाठ हाय का?"

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या वेळी नुसते पाढे नव्हते. पावाचा पाढा पावकी, अर्ध्याचा निमकी, दीडचा दिडकी आणि अडीचचा अडीचकी. मास्तर छडी घेऊन उभा राहायचा आणि आम्ही डोलत म्हणायचो. आजचे पोरं मोबाइल काढतात. मी अजून तोंडी सांगतो, आणि गावात ही विद्या येणारा मी एकटा उरलो आहे. चार माणसांत ती मला कोणी विचारली नव्हती कित्येक वर्षांत.

"मले इचारते? झोपेतून उठवून इचार!"

"पाच अडीचकी?"

"साडेबारा!"

माझा आवाज तिसऱ्या शेतात गेला असेल. छाती पुढे, मान वर. बाईनं ते मीटर माझ्या हातात दिलं. म्हणाली, "वाचा."

मीटरवर बारा पूर्णांक पाच होते.

माणसाला दुसरा कोणी पकडतो, तेव्हा तो निसटायला वाट शोधतो. मी तर स्वतःच्या तोंडानं, ओरडून, चारचौघांत हिशोब जुळवून दिला होता. बाईनं पेटीवर दोन ओळी लिहिल्या. पहिली, चारशे गुणिले पाच. तीन फेज आहेत म्हणून गुणिले एक पूर्णांक त्र्याहत्तर. आणि धारेतली सगळीच कामाला लागत नाही, रुपयातले वीस पैसे नुसते फिरून येतात, म्हणून शेवटी गुणिले शून्य पूर्णांक आठ. दोन हजार सातशे अडुसष्ट वॅट. दुसऱ्या ओळीत पाचच्या जागी साडेबारा. सहा हजार नऊशे वीस.

"म्हंजे?" प्रल्हाद म्हणाला.

"म्हंजे बापूच्या एका विहिरीत अडीच मोटरी चालून राह्यल्या. डीपी सात मोटरींची, भार साडेआठचा."

मोटर सुरूच होती. मी म्हटलं, "पाटीवर तीन लिहिलं हाय."

"पाटी तुमच्या साळ्यानं लिहिली का, बापू?" प्रल्हाद म्हणाला, आणि मग सगळे असे हसले की खाली लिंबाखाली रामभाऊ खुर्चीवरून उठून उभे राहिले. हसणं बरं होतं. न हसता पांगले असते तर मला त्या शिवारात राहणं कठीण होतं.

पण मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "हसा. तुमची जमीन तळहातासारखी हाय. माझी टेकाडावर हाय. तीननं माझ्या टोकाच्या वाफ्याले पानी चढत नाही. तुमचा गहू वाचवाले माझा वाळू देऊ का?"

हे मात्र खोटं नव्हतं. सगळे बाईकडे पाहायला लागले.

बाई म्हणाली, "सगळ्या मोटरी संगं चालतात तेव्हा दाब किती राह्यते, मोजलं का कोनी? तुमच्या अडीच मोटरीपायी सगळ्याईचा दाब खाली बसते, तुमचाबी. मंग तुमची साडेसातची नुसती तापते, पानी ओढत नाही. सातही तीनच्या लावा, दाब उभा राह्यन. चढते पानी."

"आन् नाही चढलं तं?"

"नाही चढलं तं इथंच, सगळ्याईसमोर म्हनीन का बाई चुकली. आन् तुमची मोटर माह्या हातानं परत बसवीन."

आता ती अडकली होती. आजवर न मोजलेलं तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि टेकाडावर पाणी चढेल हे अजून कोणी मोजलेलं नव्हतं. नुसत्या गणितावर तिनं शब्द दिला होता. माझ्या गव्हासाठी.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती स्वतःच्या दुकानातली तीनची मोटर टेंपोत टाकून आली. रामभाऊ आणि खुर्ची बरोबर. दुपारपर्यंत मोटर बसली. सातही विहिरींवर सातही मोटरी एकदम सुरू केल्या. बाईनं दाब मोजला आणि पिशवी खांद्याला लावून थेट माझ्या टोकाच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली.

पाणी पाटानं निघालं. पहिला वाफा भरला, दुसरा भरला. मी बांधावर बसून पाहत होतो. पाणी चौथ्या वाफ्याला जरा थांबल्यासारखं वाटलं की मला बरं वाटायचं. खरं सांगतो. गहू माझा, टोक माझं, तहान माझ्या ओंब्यांना, आणि मी बांधावर बसून मनात म्हणत होतो, नको पोचू. एवढा गाढवपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही.

बाई हलली नाही. उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी. चार वाजताची बस गेली, तिचा भोंगा टेकाडावरून ऐकू आला. मी ओरडून म्हटलं, "बाई, बस गेली!"

"जाऊ द्या!"

ऊन उतरलं तेव्हा पाणी शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी आलं. पुढे काडीकचरा, फेस, पळणाऱ्या मुंग्या, आणि त्यांच्या मागं पाणी. हळू आलं, पण थांबलं नाही. वाफ्यात शिरलं, भेगांमधून बुडबुडे काढत गेलं आणि पार धुऱ्याला, म्हणजे शेवटच्या बांधाला, टेकलं.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं, त्यात योग्य शब्द होता, आणि बाहेर वेगळंच आलं.

"आज इहिरीले पानी जास्त दिसते."

बाई हसायला लागली. एवढं हसली की धुऱ्यावर बसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. मग चपला काढल्या, त्या वाफ्यात पाय धुतले आणि चपला हातात घेऊन खाली निघाली. वाटेत प्रल्हाद उभा होता. तो पाण्याकडे पाहून मला म्हणाला, "राम राम, बापू." मी राम राम घातला.

त्यानंतर ती माझ्या नजरेस पडली नाही. वर्षभरानं दुकान उठलं, दोघं लेकीकडे देऊळगाव राजाला गेले. जाणं-येणं झालं नाही. मला वाटायचं, तिनं यावं. म्हणून त्या संध्याकाळचंच सांगून थांबतो.

बस नव्हती, टेंपो मोटर उतरवून दुपारीच परत गेला होता. मी खाली आलो आणि म्हटलं, "गाडी जुंपतो."

"राहू द्या, बापू. दोघं मानसं, वर खुर्ची. बैलाईले भार होते."

मी जुंपली ती जुंपलीच. रामभाऊ गाडीत आपली खुर्ची मांडून तिच्यावर ताठ बसले, वरातीतल्या नवरदेवासारखे. बाई मागच्या बाजूला, पाय खाली सोडून. गाव मागं पडेपर्यंत ती खुंटीला टेकून झोपली. पिशवी मांडीवर, तोंड जरा उघडं, पायावर माझ्या वाफ्याचा चिखल वाळत आलेला.

धामणगावची वाट आमच्या गावाकडून उताराची आहे. बैल तिथं पळतात. मी कासरा ओढून धरला. रामभाऊ म्हणाले, "बापू, चालू द्या की, अंधार होईन." मी म्हटलं, बैल थकले. बैल थकले नव्हते. पण त्या उतारावर गाडी हादरते, आणि हादरली की झोपलेलं माणूस उठतं.

दुकान येईपर्यंत मी कासरा सोडला नाही.